पन्नास मीटर कुठून मोजायचे?

गेल्या महिन्यात एका रविवारी सकाळी आम्ही चार शेजाऱ्यांनी आमच्या गल्लीच्या तोंडाशी असलेल्या पहिल्या घराच्या भिंतीपासून रस्त्यापलीकडच्या मोकळ्या भूखंडापर्यंतचे अंतर मोजले. फीत गवंड्याची होती, तीस मीटरांची, म्हणून दोनदा लावावी लागली. कुंपणापर्यंत एकतीस मीटर भरले. कुंपणाच्या आत कुठवर जायचे, हे कोणालाच ठाऊक नव्हते. वरच्या मजल्यावरच्या सरदारजींनी फीत आणखी तेरा मीटर आत ओढली आणि एका बाभळीशी थांबून विचारले, "चव्वेचाळीस. इथे धरू या?" मी म्हटले, "इथेच का?" ते म्हणाले, "झाड आहे म्हणून."

त्या भूखंडावर मोठा पेट्रोल पंप येणार अशी चर्चा आमच्या भागात सुरू आहे. फलक लागलेला नाही, नोटीस आलेली नाही. पण जमीन सपाट करून गेलेल्या यंत्रचालकाने कोणाला तरी सांगितले, आणि तेवढ्यावर एक अर्ज तयार झाला. मी महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवते, हे गल्लीत सर्वांना माहीत आहे. म्हणून तो अर्ज सहीसाठी येण्याआधी तपासणीसाठी माझ्याकडे आला. हे लिहिण्याचे निमित्त तो अर्ज आहे. त्यातल्या एका वाक्यापाशी मी अडकले आणि अजून पुरती सुटलेली नाही.

वाक्य असे होते : 'पेट्रोल पंपामुळे कर्करोग होतो, हे विज्ञानाने सिद्ध झाले आहे.'

महाराष्ट्रातल्या वाचकांसाठी आधी जागेची थोडी ओळख. मनीमाजरा हे चंदीगडचे पूर्वेकडचे टोक. ल कॉर्बुझिएच्या आखीव सेक्टरांपूर्वीपासूनचे हे गाव. इथे जुना किल्ला आहे, दोन स्कूटर समोरासमोर आल्या तर एकीला मागे जावे लागेल अशा गल्ल्या आहेत आणि गॅरेजांनी गजबजलेले मोटार मार्केट आहे. २०२० मध्ये कागदोपत्री हा 'सेक्टर १३' झाला. लोकांच्या तोंडी मात्र मनीमाजराच राहिला. रस्ता ओलांडून थोडे पुढे गेले की हरियाणातले पंचकुला लागते. या शेजाराचा पंपांशी थेट संबंध आहे. चंदीगडमध्ये इंधनावरचा कर कमी असल्यामुळे पेट्रोल पंजाब-हरियाणापेक्षा स्वस्त मिळते, आणि संध्याकाळी घरी परतणारी मंडळी सीमा ओलांडण्यापूर्वी टाकी भरून घेतात. सीमेलगतचा पंप त्यामुळे केवळ वस्तीची गरज भागवत नाही. तो शेजारच्या शहराचीही तहान भागवतो. पंप मोठा आहे की लहान, हे जागेच्या क्षेत्रफळावरून ठरत नाही, महिन्याला तिथून किती इंधन विकले जाते यावरून ठरते. आमच्या चर्चेत हा मुद्दा कोणी काढला नव्हता.

माझे स्वतःचे बालपण चेंबूरला गेले. तेव्हा मला वासांची भीती वाटत नसे, कारण वास हा ऋतूसारखा होता. वारा माहुलकडून आला की एक, खत कारखान्याकडून आला की दुसरा. आई दोरीवरचे कपडे काढून घेत असे आणि त्याविषयी कोणी बोलत नसे. पुढे रसायनशास्त्र शिकताना प्रयोगशाळेत बाटलीचे बूच काढले आणि घरची आठवण झाली, तेव्हा पहिल्यांदा वाटले की हे काही बरोबर नाही.

तर त्या वाक्याविषयी. मी पेन्सिलीने त्याखाली रेघ ओढली आणि समासात लिहिले, 'असे म्हणता येणार नाही.' दुसऱ्या दिवशी संध्याकाळी अर्ज घेऊन आंटीजी आल्या. आंटीजी आमच्या गल्लीतल्या सर्वांत ज्येष्ठ. त्यांचा नातू सहा वर्षांचा असताना त्याला रक्ताचा कर्करोग झाला होता. तीन वर्षे उपचार चालले, मुलगा बरा झाला आणि आता अकरावीत आहे. त्या काळात हे कुटुंब मोटार मार्केटला लागून असलेल्या घरात राहत होते. खाली गॅरेज, वर बिऱ्हाड. आंटीजी बसल्या, पाणी प्यायल्या आणि त्यांनी अर्जाविषयी काहीच विचारले नाही. विचारले ते एवढेच, "मॅडमजी, सच बताओ, उसी से हुआ था?"

वर्गात हा प्रश्न आला असता तर मी फळ्यावर दोन चौकटी काढून उत्तर दिले असते. समोर आंटीजी होत्या. त्यांना मी जे सांगितले ते तुम्हालाही सांगते. त्यांना सांगताना जितके अडखळले, तितके इथे दिसणार नाही.

पेट्रोलमध्ये शेकडो हायड्रोकार्बने असतात. त्यांपैकी बेंझीन हे सहा कार्बनांचे छोटे वलय आरोग्याच्या दृष्टीने सर्वांत बदनाम, आणि ती बदनामी रास्त आहे. शरीरात गेलेल्या बेंझीनचे यकृतात विघटन होते; त्यातून निर्माण होणारे पदार्थ अस्थिमज्जेपर्यंत, म्हणजे जिथे रक्तपेशी तयार होतात तिथवर पोहोचतात आणि तिथल्या पेशींच्या जनुकीय द्रव्याला इजा करतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने बेंझीनला पहिल्या गटात, म्हणजे मानवात कर्करोग घडवणाऱ्या निश्चित कारकांत ठेवले आहे. हा पुरावा मुख्यतः कारखान्यांतल्या प्रौढ कामगारांवरून आला आणि तो भक्कम आहे. भारतात १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-६ मानकानुसार पेट्रोलमध्ये बेंझीन आकारमानाने एक टक्क्याहून अधिक असता कामा नये. आणि २००९ च्या राष्ट्रीय हवा गुणवत्ता मानकांनुसार हवेतील त्याची वार्षिक सरासरी घनमीटरला ५ मायक्रोग्रॅमच्या वर जाता कामा नये.

'बेंझीनमुळे कर्करोग होतो' इथवर विज्ञान ठाम आहे. 'पंपाशेजारी राहणाऱ्या मुलाला त्यामुळे झाला' इथे पोहोचण्यासाठी आणखी एक पूल लागतो, आणि तो पूल अजून अर्धाच बांधलेला आहे. फ्रान्समधील एका अभ्यासात २८० आजारी मुलांची तुलना २८५ इतर मुलांशी केली गेली. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात असे दिसले की ज्यांचे घर पेट्रोल पंपाला किंवा गॅरेजला लागून होते, अशा मुलांत तीव्र ल्युकेमियाचे प्रमाण सुमारे चौपट होते. 'किंवा गॅरेजला' हे शब्द मी आंटीजींपुढे उच्चारले आणि लगेच वाटले, उच्चारायला नको होते. पण त्या 'चौपट'ला जोडून येणारी अनिश्चितता दीडपटीपासून दहापटीपर्यंत पसरलेली होती, कारण अशा घरांत राहणारी मुले मुळातच मोजकी होती. पुढे त्याच देशात बऱ्याच अधिक मुलांवर अभ्यास झाला तेव्हा तो आकडा १.६ वर आला. म्हणजे संबंध पुसला गेला नाही, पण बराच आकसला. आणि हा आजार मुळात दुर्मीळ. फ्रान्ससारख्या देशात लाख मुलांमागे वर्षाला चार-पाचांना तो होतो. त्याची दीडपट म्हणजे सहा-सात. ते वरचे दोघे कोण, हे कोणतीही तपासणी सांगू शकत नाही. त्यांच्या रक्तात तशी खूण नसते.

"म्हणजे तुम्हाला माहीत नाही," आंटीजी म्हणाल्या.

"तुमच्या नातवाविषयी माहीत नाही. कोणालाच कळणार नाही."

"मग अर्जात काय लिहायचे?"

तोवर मला वाटत होते की चुकीचे वाक्य खोडले की माझे काम संपले. आंटीजींनी मला सरळ विचारले होते की खोडलेल्या जागी काय येणार, आणि माझ्यापाशी काही तयार नव्हते. विज्ञान शिकवणाऱ्यांची ही खोड मी स्वतःत अनेकदा पाहिली आहे. 'सिद्ध झालेले नाही' म्हणताना आम्हाला आपण प्रामाणिक असल्याचे समाधान मिळते. ऐकणाऱ्याला मात्र 'धोका नाही' असे ऐकू येते, आणि तो गैरसमज दूर करण्याची तसदी आम्ही घेत नाही.

म्हणून मी कागद घेतला आणि जे हिशेबात बसते तेवढेच मांडायला सुरुवात केली. विद्यार्थ्यांनी हा हिशेब स्वतः करून पाहावा. त्यासाठी बारावीचे वायुनियम पुरतात.

टँकर पंपाच्या भूमिगत टाकीत पेट्रोल ओततो तेव्हा टाकी रिकामी नसते. तिच्या मोकळ्या भागात हवा आणि पेट्रोलची वाफ यांचे दाट मिश्रण असते. एक लिटर द्रव आत गेले की एक लिटर मिश्रण बाहेर ढकलले जाते. भारतीय पेट्रोलचा बाष्पदाब सुमारे ३८ अंशांना ६० किलोपास्कलपर्यंत असू शकतो. वातावरणाचा दाब १०१ किलोपास्कल धरला, तर त्या तापमानाला टाकीतली निम्म्याहून अधिक 'हवा' प्रत्यक्षात पेट्रोल असते! जमिनीखाली तापमान कमी असते, म्हणून मी लिटरमागे एक ग्रॅम असा सौम्य आकडा धरला. महिन्याला तीन लाख लिटर विकणाऱ्या पंपावर, वाफ परत घेण्याची सोय नसेल तर, नुसते टँकर रिकामे होताना सुमारे तीनशे किलो वाफ हवेत जाते. तेच पेट्रोल नंतर गाड्यांच्या टाक्यांत जाते आणि तिथल्या वाफेला बाहेर ढकलते. आणखी जवळपास तेवढीच. या वाफेत बेंझीन शेकडा अर्ध्याहूनही कमी असते, कारण पेट्रोलमधले हलके घटक त्याच्याआधी उडतात. तरी तीनशे किलोंत ते एक किलोच्या आसपास भरते. एक किलो बेंझीन घनमीटरला ५ मायक्रोग्रॅम या मानकापर्यंत पातळ करायचे तर वीस कोटी घनमीटर स्वच्छ हवा लागेल. म्हणजे एक किलोमीटर लांब, एक किलोमीटर रुंद आणि दोनशे मीटर उंच असा हवेचा ठोकळा.

घाबरवण्यासाठी हा ठोकळा मी काढलेला नाही. वारा असतो, वाफ विरते, अंतरागणिक तिचे प्रमाण झपाट्याने घटते आणि महिनाभराचे बेंझीन एका क्षणी सुटत नाही. पण डिसेंबर-जानेवारीत शिवालिकच्या पायथ्याशी रात्री वारा पडतो, जमिनीलगतची थंड हवा वरच्या उबदार थराखाली अडकते आणि धुके सकाळी दहापर्यंत हलत नाही. पहाटे आलेला टँकर अशा वेळी काय सोडतो आणि ते किती वेळ गल्लीत रेंगाळते, हे वार्षिक सरासरीच्या आकड्यात दिसणार नाही.

सरदारजींचे म्हणणे वेगळेच होते. त्यांनी आयुष्यभर ट्रक चालवले. ते म्हणाले, "वास येईल तेव्हा बोलू. वास नाही तर काही नाही." हे ऐकायला शहाणपणाचे वाटते, पण नाकावर इतका विश्वास टाकता येत नाही. बेंझीनचा वास माणसाला जाणवू लागतो तो साधारण दहा लाखांत दीड भाग या पातळीला, म्हणजे घनमीटरला जवळपास पाच हजार मायक्रोग्रॅम असताना. आपल्या हवेच्या मानकाच्या हजारपट. पंपावर आपल्याला जो वास येतो तो बहुतांशी इतर घटकांचा असतो. शिवाय नाक थकते. दहा मिनिटे त्याच हवेत उभे राहिले की वास 'जातो'. हवा बदललेली नसते, आपण बदललेले असतो. चेंबूरमध्ये आम्ही सगळे तसेच बदललेलो होतो.

आणि तरीही माहुलची सुरुवात नाकापासूनच झाली. त्या प्रकरणाची उजळणी इथे करायलाच हवी, कारण पेट्रोलियमच्या वाफेविरुद्ध वस्तीने दिलेला आपल्या माहितीतला सर्वांत मोठा लढा तोच आहे. माहुल आणि आंबापाडा ही मुळात कोळ्यांची वस्ती. पन्नासच्या दशकात तिथे तेलशुद्धीकरण कारखाने आले, पुढे रसायने आणि तेल साठवणाऱ्या टाक्यांची शेते उभी राहिली. अगदी घरांच्या कुंपणापाशी. चारुदत्त कोळी आणि इतर रहिवासी राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाच्या पुण्यातील पश्चिम विभागापुढे गेले. के.ई.एम. रुग्णालयाच्या श्वसनविकार विभागाने वस्तीची पाहणी केली, तेव्हा ६७.१ टक्के लोकांनी महिन्यातून तीनहून अधिक वेळा धाप लागत असल्याचे सांगितले. १८ डिसेंबर २०१५ रोजी न्यायाधिकरणाने रहिवाशांच्या आरोग्याला धोका असल्याचे मान्य केले. १३ ऑगस्ट २०२० च्या आदेशात त्याने वाफेच्या उत्सर्जनापोटी चार कंपन्यांवर मिळून सुमारे २८६ कोटी रुपयांची भरपाई आकारली.

माहुल म्हणजे टाक्यांचे जंगल आणि आमचा भूखंड म्हणजे एक पंप. दोन्ही एका मापाने मोजणे वेडेपणाचे ठरेल. मला त्यातली एकच गोष्ट इथे आणायची आहे : क्रम. आधी लोकांनी सांगितले की त्रास होतो, मग मोजमाप झाले. मोजमाप आधी झाले आणि मग लोकांना कळले, असे घडलेले नाही. माझ्या आईने दोरीवरचे कपडे काढले, पण ते कोणाला सांगितले नाही. तसे करण्याची जागाच तिला ठाऊक नव्हती. माहुलच्या लोकांनी ती जागा शोधून काढली.

पंपाच्या अंतराचा नियमही असाच तक्रारीतून जन्माला आला आहे. पूर्वी पंपाभोवती अंतर राखण्याचा विचार होत असे तो प्रामुख्याने आगीच्या भीतीने, आणि तो विचार करणाऱ्या पेट्रोलियम व स्फोटक सुरक्षा संघटनेचे मुख्यालय आपल्या नागपूरला आहे. ठिणगी आणि वाफ यांच्यात किती अंतर हवे, हा त्यांचा प्रश्न. तीच वाफ रोज थोडी थोडी फुफ्फुसात जात राहिली तर काय, हा वेगळा प्रश्न. तो हरित न्यायाधिकरणापुढे आला, तज्ज्ञ समिती बसली आणि ७ जानेवारी २०२० रोजी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने नव्या पंपांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. शाळा, दहा किंवा अधिक खाटांची रुग्णालये आणि स्थानिक कायद्यानुसार निवासी ठरलेले भाग यांपासून नवा पंप ५० मीटरांच्या आत नसावा. जागेची अडचण असेल तर सुरक्षेचे जादा उपाय करून हे अंतर कमी करता येईल, मात्र कोणत्याही परिस्थितीत ३० मीटरांहून कमी नसावे. आणि हे अंतर मोजायचे ते टँकर जोडण्याची जागा, पेट्रोल भरण्याचे यंत्र आणि टाकीच्या वाफेचा उंच नळ, म्हणजे व्हेंट पाइप, यांपैकी जे जवळ असेल तिथून.

आता बाभळीपाशी थांबलेली आमची फीत तुमच्या लक्षात येईल. कुंपण नियमाच्या हिशेबात नाही, झाडही नाही. नळ कुठे उभा राहणार आणि टँकर कुठे थांबणार, हे नकाशात असेल. नकाशा आम्ही पाहिलेला नाही. नळ आमच्या बाजूच्या कुंपणाला लागून उभा केला तर अंतर तेहतीस-चौतीस मीटर, मागच्या कोपऱ्यात नेला तर सत्तरच्या पुढे. एकाच भूखंडावरचा एकच पंप नियमात बसू शकतो आणि नियमाबाहेरही जाऊ शकतो. शिवाय आमची गल्ली 'निवासी' आहे का? खाली दुकाने आहेत, वर माणसे झोपतात. कागदावर तिला काय म्हणतात, हे आम्हा चौघांपैकी कोणालाच सांगता आले नाही.

पन्नास हा आकडा निसर्गातून आलेला नाही, हेही सांगायला हवे. पाण्याच्या उत्कलनबिंदूसारखा तो मोजून सापडत नाही. पुरावा, जमिनीची टंचाई आणि व्यापाराची गरज यांच्यातली ती तडजोड असते. अमेरिकेतील कॅलिफोर्नियाच्या हवा मंडळाने २००५ मध्ये मोठ्या पंपांसाठी ३०० फूट, म्हणजे सुमारे ९१ मीटर, अंतर सुचवले. 'मोठा' म्हणजे वर्षाला ३६ लाख गॅलन विकणारा. आपल्या मापात महिन्याला अकरा लाख लिटरांहून थोडे अधिक. पुढे कोलंबिया विद्यापीठाच्या मार्कुस हिल्पर्ट आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्याच दोन पंपांच्या व्हेंट पाइपवर प्रत्यक्ष उपकरणे बसवली. नियम करताना जितके उत्सर्जन गृहीत धरले होते त्याच्या दहापटीहून अधिक प्रत्यक्षात बाहेर पडत होते, आणि त्यांच्या गणितानुसार एका पंपापासून १६० मीटरांवरही बेंझीन कॅलिफोर्नियाची तासाभराची आरोग्य-मर्यादा ओलांडू शकत होते. दोनच पंप होते, हे विसरू नये. पण गृहीत आणि मोजलेले यांत दहापटीचा फरक निघतो, तेव्हा नियमातल्या आकड्याला हात जोडून नमस्कार करण्याचे कारण उरत नाही.

मेरीलँड राज्यातल्या व्हीटनमध्ये एका मोठ्या दुकानाला वर्षाला १.२ कोटी गॅलन विकणारा पंप हवा होता. जवळ अपंग मुलांची शाळा होती. रहिवाशांनी वर्षानुवर्षे सुनावण्यांना हजेरी लावली, तज्ज्ञांची उलटतपासणी ऐकली, आणि २०१५ मध्ये परवानगी नाकारली गेली. पेटालुमा या कॅलिफोर्नियातील गावाने तर २०२१ मध्ये नव्या पंपांवरच बंदी घातली. आमच्याकडे हे सांगितल्यावर एक तरुण शेजारी म्हणाला, "चंदीगडनेही पेट्रोलच्या गाड्या थांबवायला घेतल्याच होत्या की." खरे आहे. २०२२ च्या विद्युत वाहन धोरणानुसार इथे पेट्रोल दुचाकींच्या नोंदणीवर मर्यादा आली, २०२३ मध्ये त्यावरून बराच गदारोळ झाला आणि मर्यादा सैल करावी लागली. शहराला पेट्रोल नको आहे आणि शहराला पेट्रोल हवे आहे. मीही स्कूटरच चालवते.

स्कूटरवरून आठवले. २ जानेवारी २०२४ रोजी ट्रकचालकांच्या संपामुळे चंदीगडमध्ये इंधनाचे रेशन लागले : दुचाकीला दोन लिटर, चारचाकीला पाच. त्या थंडीत मी रांगेत दीड तास उभी होते. पुढे-मागे सुरू इंजिने, धुके आणि तो वास. पंपावरचा मुलगा एकोणीस-वीस वर्षांचा, तोंडाला मफलर. मी त्याला विचारले, किती वाजल्यापासून आहेस? म्हणाला, काल रात्रीपासून. दीड तासाने मी घरी गेले, डोके दुखत होते, चहा केला. तो तिथेच होता.

आमच्या अर्जात त्या मुलाचा उल्लेख नव्हता. त्याच्यासाठी पन्नास मीटरही नाहीत आणि तीसही नाहीत. नोझल त्याच्या हातात असते आणि गाडीच्या टाकीचे तोंड त्याच्या छातीच्या खाली. त्याच्यासाठी नियमात एकच गोष्ट आहे, वाफ परत घेणारी यंत्रणा. तिचे दोन टप्पे असतात. पहिल्यात टँकर ओतताना बाहेर येणारी वाफ दुसऱ्या नळीने टँकरमध्येच परत जाते. दुसऱ्यात नोझलच गाडीच्या टाकीतली वाफ ओढून भूमिगत टाकीत नेते. महिन्याला ३०० किलोलिटर विक्रीची क्षमता असलेल्या नव्या पंपांना ही यंत्रणा बसवायला त्याच २०२० च्या सूचनांत सांगितले आहे. ती बसवलेली असणे आणि चालू असणे यांत फरक असतो. नोझलभोवतीचे रबर फाटले की ती नावापुरती उरते.

मी अर्जात हे घातले : पंप झाल्यास दोन्ही टप्प्यांची यंत्रणा असावी, तिची तपासणी ठराविक काळाने व्हावी, निकाल फलकावर लावावा आणि कामगारांच्या संपर्काचे मापन व्हावे. रविवारच्या बैठकीत त्यावरून वाद झाला. तरुण शेजाऱ्याने सरळ विचारले, "पंप झाल्यास म्हणजे? आपण नको म्हणतोय ना? ही ओळ राहिली तर ते म्हणतील, अटी मान्य, आता सही करा." त्याचे बरोबर होते. वाटाघाटीत आपणच दुसरी पायरी दाखवली की पहिली कोणी चढत नाही. मीही माझे म्हणणे मांडले, की हा पंप इथे झाला नाही तर अर्धा किलोमीटरवर होईल, तिथेही कोणाची तरी गल्ली असेल आणि तो मफलरवाला मुलगा तर दोन्हीकडे असेल. सरदारजींनी मान हलवली, पण मत दिले नाही. हात वर झाले तेव्हा माझी ओळ सात विरुद्ध तीन मतांनी गेली.

कर्करोगाचे वाक्य मात्र बदलले. आता तिथे आहे : 'पेट्रोलच्या वाफेतील बेंझीन हे मानवात कर्करोग घडवणारे द्रव्य आहे. त्याची सुरक्षित म्हणावी अशी किमान पातळी माहीत नाही. या जागेपासून घरांचे अंतर, इथले हिवाळ्यातले हवामान आणि अपेक्षित विक्री यांचा अभ्यास झाल्याशिवाय परवानगी देऊ नये.' तरुण मंडळींना ते मिळमिळीत वाटले. आंटीजींनी ते दोनदा वाचून घेतले आणि पहिली सही केली. दुसरी माझी.

गळालेली ओळ मी वेगळ्या पत्रात माझ्या एकटीच्या नावाने पाठवली आहे. सोबत माहिती अधिकाराखाली भूखंडाचा मांडणी नकाशा मागितला आहे, त्यात एवढेच विचारले आहे की व्हेंट पाइप कुठे आहे. तीस दिवसांतले अकरा झाले. काल संध्याकाळी फिरायला निघाले तेव्हा बाभळीच्या खोडाला कोणीतरी चुन्याने रेघ मारलेली दिसली. बहुधा सरदारजींनी.